इंट्यून आणि असेट रजिस्टर जोडताना

शंभराच्या वर लॅपटॉप आणि फोन असलेल्या संस्थेत उपकरणांच्या बहुधा दोन याद्या असतात. एक खरेदी किंवा लेखा विभागाची. तिच्यात बिल, किंमत, वॉरंटी, असेट टॅग आणि वस्तू कोणाच्या नावावर दिली हे असते. महाविद्यालयांत आणि सरकारी कार्यालयांत हिलाच डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. दुसरी यादी आयटी विभागाकडच्या एमडीएममध्ये, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंटच्या साधनात, आपोआप तयार होते. तिथे उपकरण स्वतःच कळवते की माझी आवृत्ती ही, माझी डिस्क एनक्रिप्ट आहे किंवा नाही, मला वापरणारा माणूस हा. या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नसला की त्याचा फटका माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी बसतो. एनओसीवर सही हवी असते, रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर एक लॅपटॉप असतो, एमडीएममध्ये दोन दिसतात, आणि त्यातला एक तीन महिने संपर्कातच आलेला नसतो.

म्हणून या दोन्ही याद्या जोडायच्या. पण काम हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. दोन्ही याद्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून जोडणी करू नका. त्यांच्यातला फरक रोज समोर यावा आणि कोणीतरी उठून ते उपकरण प्रत्यक्ष बघून यावे, यासाठी करा. एका यादीतला मजकूर दुसरीवर आंधळेपणाने चढवणारी स्क्रिप्ट फरक मिटवून टाकते, आणि फरक मिटला की हरवलेल्या लॅपटॉपचा शेवटचा मागही मिटतो.

उदाहरणासाठी मी एमडीएम म्हणून मायक्रोसॉफ्ट इंट्यून आणि रजिस्टर म्हणून स्नाइप-आयटी ही जोडी घेतो. इंट्यून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम आणि ई-३ परवान्यांत येते, त्यामुळे ते अनेकांकडे आधीच असते. स्नाइप-आयटी मुक्त स्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येते. तुमच्याकडे ॲपलची उपकरणे आणि त्यांच्यासाठीचे जॅम्फ प्रो हे एमडीएम असेल तर ‘जॅम्फ टू स्नाइप’ नावाची तयार पायथन स्क्रिप्ट उपलब्ध आहे. सर्व्हिसनाऊसारख्या मोठ्या प्रणालीत तयार कनेक्टर मिळतात. तिथे कोड लिहावा लागत नाही, पण पुढे येणारे प्रश्न तिथेही जसेच्या तसे सोडवावे लागतात.

ओळख कशावरून पटवायची

दोन याद्यांतल्या दोन ओळी एकाच उपकरणाच्या आहेत हे कशावरून ठरवायचे? उपकरणाच्या नावावरून अजिबात नाही. नावे बदलतात, पुन्हा वापरली जातात. इंट्यूनच्या स्वतःच्या आयडीवरूनही नाही. लॅपटॉप फॉरमॅट करून पुन्हा नोंदवला की इंट्यून त्याला नवा आयडी देते, आणि जुनी नोंद काही काळ तशीच पडून राहते. वाय-फायचा मॅक ॲड्रेसही भरवशाचा नाही. नव्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये नेटवर्कला बदलता पत्ता दिसतो, आणि डॉक किंवा यूएसबी अडॅप्टर वापरला तर दिसणारा पत्ता त्या अडॅप्टरचा असतो. उरतो सीरियल नंबर, आणि फोनसाठी त्याच्या जोडीला आयएमईआय.

सीरियल नंबर चांगला आधार आहे, पण तो जसा येतो तसा वापरता येत नाही. ॲपलच्या खोक्यावरचा बारकोड स्कॅन केला की पुष्कळदा सुरुवातीला एक जादा ‘एस’ येतो. तो त्या लेबलचा भाग असतो, सीरियलचा नव्हे. भांडारातल्या माणसाने स्कॅनरने भरलेल्या नोंदी आणि इंट्यूनकडून आलेल्या नोंदी याच एका अक्षरामुळे जुळत नाहीत. हाताने टाइप केलेल्या नोंदींत शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल होते. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर सीरियलच्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ असा मजकूर सापडतो, आणि असे दहा संगणक असले तर त्या दहांचीही ओळख एकच ठरते. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडची सीरियल कॅपिटल अक्षरांत आणा, मागची-पुढची मोकळी जागा काढा आणि निरर्थक मूल्यांची एक नकारयादी ठेवा. त्या यादीतले काही आले तर स्क्रिप्टने ते जुळवायचा प्रयत्नच करू नये. ते सरळ माणसाकडे पाठवावे. जादा ‘एस’ मात्र सरसकट कापू नका, कारण खरा सीरियलही ‘एस’ने सुरू होऊ शकतो. आधी आहे तसा शोधा. सापडला नाही आणि उत्पादक ॲपल असेल, तरच तो काढून पुन्हा शोधा.

सीरियलमधून खरेदीचे किंवा उत्पादनाचे वर्ष काढण्याची जुनी युक्ती कोणाच्या स्क्रिप्टमध्ये असेल तर ती काढून टाका. ॲपलने २०२१ पासून नव्या उत्पादनांना यादृच्छिक सीरियल द्यायला सुरुवात केली आहे; त्यात तारीख दडलेली नसते.

आयएमईआय १५ अंकी असतो आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे टायपिंगची चूक स्क्रिप्टला तिथल्या तिथे पकडता येते. ही तपासणी जरूर लिहा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, म्हणून रजिस्टरमध्ये दोन रकाने ठेवा. एक्सेलमधून आकडे आणत असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहते. आयएमईआय त्यात कसाबसा बसतो, पण दिसतो वैज्ञानिक पद्धतीने आणि सुरुवातीचे शून्य असेल तर ते गळते. सिमकार्डवरचा १९-२० अंकी क्रमांक तर शेवटी शून्ये लागून बिघडूनच जातो, आणि बिघडलेला आकडा पुन्हा सरळ करता येत नाही.

हे सगळे स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी हाताने करून बघा. इंट्यूनमधून एक निर्यात, रजिस्टरमधून एक निर्यात, दोन्ही सीरियलवर लावून पाहिल्या की तुमच्या संस्थेतली खरी परिस्थिती समोर येते. किती नोंदी जुळल्या, किती एकाच बाजूला आहेत, किती सीरियल दुहेरी आहेत. ही पायरी टाळून थेट स्वयंचलित जोडणी करणारे लोक पुढे महिनोन्‌महिने दुरुस्त्या करत बसतात.

दार उघडताना

इंट्यूनची माहिती मायक्रोसॉफ्ट ग्राफ या एपीआयमधून मिळते. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे पूर्वीच्या अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, एक ॲप नोंदवावे लागते आणि त्याला व्यवस्थापित उपकरणे वाचण्याची परवानगी देऊन ॲडमिनची संमती घ्यावी लागते. परवानगी फक्त वाचनाची द्या. ‘पुढे लागेल म्हणून’ लिहिण्याची परवानगी घेऊन ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्याच कुटुंबातल्या वरच्या परवानग्यांनी उपकरण दुरून पुसता येते. रजिस्टरशी जोडणाऱ्या स्क्रिप्टच्या हातात ती ताकद असण्याचे काहीही कारण नाही.

ॲपची ओळख पटवायला क्लायंट सीक्रेट किंवा प्रमाणपत्र लागते. जमत असेल तर प्रमाणपत्र वापरा. सीक्रेट वापरलेच तर पोर्टलवर त्याची मुदत जास्तीत जास्त २४ महिने मिळते, आणि मुदत संपते त्या रात्री जोडणी गुपचूप बंद पडते. मुदतीची तारीख एका माणसाच्या फोनमध्ये ठेवू नका, विभागाच्या सामाईक कॅलेंडरमध्ये टाका. सीक्रेट स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवू नका हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण ते अजूनही सर्रास दिसते.

स्नाइप-आयटीच्या बाजूला एपीआयचे टोकन एखाद्या वापरकर्त्याच्या नावाने निघते आणि त्याने केलेले बदल त्याच नावाने इतिहासात नोंदले जातात. त्यामुळे जोडणीसाठी वेगळा वापरकर्ता तयार करा आणि त्याला पाहण्याचा, भरण्याचा आणि बदलण्याचा अधिकार द्या. खोडण्याचा देऊ नका. वर्षभराने लेखापरीक्षक ‘हा बदल कोणी केला’ म्हणून विचारेल तेव्हा माणसाने केलेला बदल आणि यंत्राने केलेला बदल वेगळा दाखवता आला पाहिजे.

कोड लिहिणाऱ्यासाठी काही खाचखळगे इथेच सांगतो. ग्राफ सगळी उपकरणे एका उत्तरात देईलच असे नाही. उत्तरासोबत पुढच्या पानाचा दुवा येतो आणि असे दुवे संपेपर्यंत पुढे जात राहावे लागते. हे विसरलात तर पहिल्या पानावर न आलेली सगळी उपकरणे स्क्रिप्टला ‘गायब’ वाटतील. वेळा यूटीसीमध्ये येतात, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे; पहाटेच्या संपर्काची तारीख आदल्या दिवसाची दिसते. रिकाम्या तारखेच्या जागी कधी कधी वर्ष १ ची तारीख येते, ती रजिस्टरमध्ये चढवू नका. स्नाइप-आयटीचा एक विशेष लक्षात ठेवा: विनंती फसली तरी तो पुष्कळदा २०० हाच यशाचा कोड परत करतो आणि चूक उत्तराच्या मजकुरात सांगतो. केवळ कोड पाहून ‘झाले’ समजणारी स्क्रिप्ट काहीही न लिहिता यश कळवत राहील. त्याची मूळ मर्यादा मिनिटाला १२० विनंत्यांची आहे, म्हणून वेग सांभाळा. आणि आयएमईआय, शेवटचा संपर्क, आवृत्ती यांसाठी जे जादा रकाने तुम्ही बनवाल ते त्या त्या मॉडेलला जोडलेल्या संचात असले पाहिजेत, नाहीतर पाठवलेले मूल्य जागेवर पोचत नाही.

मॉडेलचे नावही जसेच्या तसे घेऊ नका. लेनोव्होचे लॅपटॉप थिंकपॅड असे नाव न सांगता मशिनचा सांकेतिक क्रमांक सांगतात, सॅमसंगचे फोन ‘एसएम’ने सुरू होणारा कोड सांगतात. स्क्रिप्टला मोकळे सोडले तर एकाच लॅपटॉपची दहा वेगवेगळी मॉडेल रजिस्टरमध्ये तयार होतात. एक छोटा तक्ता बनवा: हा कोड आला तर आपल्याकडचे हे मॉडेल. तक्त्यात नसलेला कोड आला की नोंद थांबवून माणसाला विचारा.

कोणता रकाना कोणाचा

हा भाग बैठकीत बसून ठरवायचा आहे, आणि बैठकीला लेखा विभागाचा माणूस हवाच. नियम साधा ठेवा: प्रत्येक रकान्याचा मालक एकच. किंमत, बिल, वॉरंटी, असेट टॅग, ठिकाण, घसारा हे रजिस्टरचे. तिथे एमडीएमने हात लावायचा नाही. ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती, शेवटचा संपर्क, एनक्रिप्शन, नियमपालनाची स्थिती हे एमडीएमचे. ते कोणी हाताने भरायचे नाही. सीरियल नंबर पहिल्यांदा बिलावरून किंवा चलनावरून भरला जावा आणि एमडीएमने तो फक्त तपासावा. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की काही लॅपटॉपचा सीरियलही बदलतो किंवा रिकामा होतो. अशा वेळी जुनी नोंद मोडून नवी करू नका, त्याच असेट टॅगखाली दुरुस्तीची टीप लिहून सीरियल बदला.

वाद होतो तो वापरकर्त्याच्या रकान्यावर. इंट्यूनला दिसणारा वापरकर्ता म्हणजे ज्याच्या नावाने उपकरण नोंदवले गेले तो. आयटीमधल्या कोणी एका खात्यावरून पन्नास लॅपटॉप तयार केले असतील तर ते पन्नासही त्याच्याच नावावर दिसतील. सामाईक टॅबला वापरकर्ताच नसतो. लग्नानंतर आडनाव बदलले की ईमेल बदलतो आणि त्याच व्यक्तीची ओळख तुटते, म्हणून माणसे जुळवायला ईमेलऐवजी कर्मचारी क्रमांक घ्या. माझे स्पष्ट मत असे की ‘वस्तू कोणाच्या ताब्यात आहे’ हे सही केलेल्या हँडओव्हर कागदावरून ठरावे. एमडीएममधले नाव ही सूचना समजा. दोन्ही नावे वेगळी दिसली तर जोडणीने नाव बदलू नये, फरक नोंदवावा. ज्याच्या सहीवर वस्तू दिली, त्याच्या नावावरून ती त्याला न विचारता दुसऱ्याच्या नावावर गेली तर उद्या वसुलीच्या वेळी त्या माणसावर अन्याय होतो.

लोकांच्या स्वतःच्या फोनबद्दलही इथेच निर्णय घ्या. कार्यालयीन ईमेलसाठी वैयक्तिक फोन इंट्यूनमध्ये नोंदवलेले असतात. ते संस्थेची मालमत्ता नाहीत आणि असेट रजिस्टरमध्ये त्यांना जागा नाही. इंट्यून मालकीचा प्रकार कळवते, त्यावरून ते सुरुवातीलाच गाळा. अँड्रॉइड १२ पासून वर्क प्रोफाइलवाल्या वैयक्तिक फोनचा सीरियल आणि आयएमईआय एमडीएमला मिळतच नाही, आणि ॲपलच्या वैयक्तिक नोंदणीतही तीच सोय आहे. जी माहिती फोन बनवणाऱ्यांनी जाणीवपूर्वक झाकली, ती दुसऱ्या वाटेने गोळा करण्याचा उद्योग करू नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मुळे हा आता केवळ शिष्टाचाराचा विषयही उरलेला नाही. संस्थेच्या फोनचे स्थान, त्यावरची ॲप्स हेही रजिस्टरमध्ये आणू नका. गरज नसलेली माहिती जितक्या जागी साठते तितक्या जागांहून ती बाहेर पडू शकते.

रोजची फेरी

पहिले काही आठवडे स्क्रिप्ट रजिस्टरमध्ये काहीही न लिहिता चालवा: काय बदलले असते एवढेच तिने छापावे. एका शाखेपासून सुरू करा. नंतर रात्रीतून एकदा चालवली तरी पुरे. उपकरणे साधारण आठ तासांनी इंट्यूनशी संपर्क करतात आणि हार्डवेअरची माहिती सात दिवसांनी ताजी होते. दर पंधरा मिनिटांनी विचारून जास्त काही हाती लागत नाही. एक अडसर मात्र नक्की घाला: आज मिळालेली उपकरणे कालपेक्षा फारच कमी असतील तर काहीही न लिहिता थांबायचे आणि कळवायचे.

इंट्यूनमधून नोंद गेली म्हणून रजिस्टरमधून वस्तू जात नाही, हे सगळ्यांच्या मनात पक्के असू द्या. इंट्यूनच्या साफसफाईच्या नियमात ३० ते २७० दिवस संपर्कात नसलेली उपकरणे यादीतून काढण्याची सोय आहे. ती चालू असेल तर कपाटात ठेवलेला सुटा लॅपटॉप तिथून आपोआप नाहीसा होतो. तो संस्थेच्या पैशांनी घेतलेला आहे आणि निर्लेखनाचा आदेश निघेपर्यंत रजिस्टरमध्ये राहिलाच पाहिजे. उलट दिशेनेही हेच: रजिस्टरमध्ये ‘बाद’ लिहिले म्हणून उपकरण आपोआप पुसले जाऊ नये. पुसण्याचे बटण माणसाने, तो सीरियल डोळ्यांनी वाचून दाबावे.

फरकांच्या यादीत तीन प्रकार सर्वांत मोलाचे असतात. इंट्यूनमध्ये आहे, रजिस्टरमध्ये नाही: बहुधा कोणी शाखेने थेट खरेदी केली आहे आणि वॉरंटीची नोंद कुठेच नाही. रजिस्टरमध्ये वाटप झालेले आहे, इंट्यूनमध्ये नाही: हा लॅपटॉप कोणत्याही सुरक्षा धोरणाखाली नाही, त्यावर काय आहे कोणालाच माहीत नाही. आणि दोन्हीकडे आहे पण ४५ दिवसांत संपर्क नाही. या तिसऱ्या प्रकाराची सीमा तुमच्या संस्थेच्या रजांप्रमाणे ठरवा; प्रसूती रजा किंवा परदेशी प्रकल्प असे कारण निघाले तर ते नोंदीत लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा करावा लागणार नाही.

ही यादी नीट ठेवली तर तिचे फायदे आयटी विभागाबाहेरही पोचतात. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची २ मध्ये लॅपटॉप-डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे आणि सर्व्हर-नेटवर्कचे सहा वर्षे धरले आहे. घसारा पूर्ण झालेली पण अजून रोज चालणारी आणि घसारा चालू असलेली पण महिनोन्‌महिने बंद पडलेली, दोन्ही प्रकारची उपकरणे जोडणीमुळे शोधता येतात. कारो २०२०, म्हणजे लेखापरीक्षकाच्या अहवालाबाबतचा आदेश, लागू असलेल्या कंपन्यांत लेखापरीक्षकाला मालमत्तेच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पडताळणी यांवर अभिप्राय द्यावाच लागतो. शेवटच्या संपर्काची तारीख प्रत्यक्ष पडताळणीची जागा घेत नाही, पण आधी कुठे जाऊन पाहायचे हे ती सांगते. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर सेवेत तो ब्लॉक करायला आयएमईआय आणि पोलीस तक्रारीची प्रत लागते. त्या वेळी खोके शोधत बसण्याऐवजी दोन्ही आयएमईआय रजिस्टरमध्येच मिळतात.

भंगारात देतानाही जोडणीचा उपयोग करा. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा आहे. देण्याआधी आयफोन किंवा मॅक ॲपल बिझनेस मॅनेजरमधून मोकळा केला नाही, किंवा विंडोज लॅपटॉप ऑटोपायलटमधून काढला नाही, तर पुढच्या माणसाच्या हातात तो सुरू होताच तुमच्या संस्थेचे नाव दाखवत उभा राहतो. रजिस्टरमध्ये ‘निर्लेखित’ आणि एमडीएममध्ये अजून नोंदलेले, असा चौथा फरकही म्हणून रोजच्या यादीत घ्या.

पहिल्या महिन्यात फरकांची यादी लांबलचक येईल आणि ती लेखा विभागाला दाखवायला संकोच वाटेल. दाखवा. त्यांच्यासोबत बसून एकेक ओळ मिटवा, आणि त्या यादीसाठी एक माणूस नावानिशी नेमा, आठवड्यातले काही तास त्याला त्या कामासाठी लेखी द्या. असा माणूस देता येत नसेल तर जोडणी पुढे ढकला. न वाचल्या जाणाऱ्या यादीवर सर्व्हर आणि परवाना खर्च करण्यात अर्थ नाही.